घट

आमच्या दुकानात मोड घेतात.
जुनं पातेलं तराजूत ठेवायचं,
कल्हई, काजळी, तळाशी बसलेला क्षार
यांची घट कापायची
आणि उरलेल्या वजनावर नवं भांडं द्यायचं.
भांडी बाजारात तेवीस वर्षं हेच केलं.
घट कापताना गिऱ्हाईक कसं बघतं, मला पाठ आहे.

म्हणून गंगापूर रोडच्या दवाखान्यात काट्यावर चढले
तेव्हा आकड्याआधी डॉक्टरचा चेहरा बघितला.
एकशे अठरा.
त्यांनी काहीच कापलं नाही.

आधी पंधरा दिवस लिव्हर आक्रसायला हवं, म्हणाले.
व्हॅनिलाची पावडर, पाणीदार ताक,
वरणाच्या वरचं पाणी.
त्यातच घटस्थापना आली,
पायरीवर तांब्याचे घट मांडून बसले.
समोरची कुंदाताई म्हणाली,
यंदा नुसतं उठता-बसता नाही वाटतं, पूर्ण नऊ?
हो म्हटलं.
गडावरच्या देवीला अठरा हात,
एकानंही तिनं मला खोटं पाडलं नाही.

आदल्या रात्री मुकुंदानं
माझं झोपेचं मशीन पिशवीत भरलं,
नळी गुंडाळली, तराजूची साखळी गुंडाळतो तशी.
बोलला काही नाही.
रिक्षा उलट्या वडापावच्या गाडीजवळून गेली
तेव्हा मात्र त्यानं माझ्या बाजूचा पडदा सोडला.

पोटाचा तीन चतुर्थांश भाग काढला.
केळ्याएवढी नळी ठेवली.
तुकडा बाटलीतून लॅबला गेला.

रामकुंडावर आपण राखसुद्धा मंत्र म्हणून सोडतो.
या तुकड्यानं दोन बाळंतपणांचे डिंकाचे लाडू घेतले,
सासऱ्यांच्या तेराव्याचं जेवण घेतलं,
रात्री दोन वाजता फ्रिजच्या उजेडात
उभ्यानं खाल्लेला गार भात घेतला, मुकाट.
त्याला जाताना
कुणी हातसुद्धा जोडले नाहीत.

दुखलं ते पोट नाही, खांदा.
गॅस आहे, चाला, म्हणाली शरणपूरची सिस्टर सुवार्ता.
सलाइनच्या दांड्याला धरून मी कॉरिडॉर मोजला.
बंब, घंगाळं, हंडे विकणारी बाई,
आता तीस मिलीचं प्लास्टिकचं टोपण
पंधरा मिनिटं पुरवत होते.
घोट नाही घ्यायचा, ओठ ओले करायचे.
तिची बोटं थंड होती. ती स्वतः डबा विसरून आली होती,
हे तिनं मलाच का सांगितलं, कळलं नाही.

मग केस गेले, तिसऱ्या महिन्यात, मुठीनं.
बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या.
दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी.
पाडव्याला भेटलेली चुलतनणंद म्हणाली, सुकलीस गं,
आणि पाठ वळताच,
ऑपरेशन करून काय, कुणीही बारीक होईल.
कुणीही होऊन बघावं.
ईशानीच्या लग्नात जिलबीचे दोन घास
आणि हॉलमागे, गॅसच्या टाक्यांशेजारी,
मी घामानं भिजून प्लास्टिकच्या खुर्चीत थरथरत.
आत सनई चालू.

भूक गेली. हात गेला नाही.
अजून रात्री दोनला तो फ्रिज उघडतो,
उजेडात उभा राहतो,
काय शोधायला आलो होतो ते विसरलेल्या माणसासारखा.

काल मुकुंदानं पिंपळगावहून द्राक्षं आणली.
धुतली, वाटीत मोजून तीन ठेवली, समोर बसला.
मी एक द्राक्ष पंचवीस वेळा चावलं.
मग दुसरं.
त्याच्या चहावर साय धरली.
तिसरं उरलं.
पानात टाकू नये, ही आईची शिस्त, मार खाऊन शिकलेली.
मी द्राक्षाकडे बघत राहिले.
त्यानं ते उचललं, तोंडात टाकलं,
बी नाही यात, म्हणाला.